डी व्हिलियर्स घराण्याची वंशावळ कशी लावावी?

आजीची वही

माझी सून दक्षिण आफ्रिकेतल्या पार्ल गावची असून तिचे माहेरचे आडनाव डी व्हिलियर्स आहे. नातीसाठी दोन्ही घरांची वंशावळ एकाच वहीत मांडावी, या हेतूने मी गेल्या वर्षी काम सुरू केले. आमच्या बाजूला छापील कुळवृत्तांत असल्यामुळे नऊ पिढ्या एका दुपारी उतरल्या. सुनेच्या बाजूला मात्र अडले आहे. तिच्या घरी एक जुने बायबल आहे, त्याच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिलेले आहेत. त्या नोंदी तिच्या पणजोबांपाशी, म्हणजे १८८८ च्या जन्मापाशी थांबतात. पणजोबांच्या वडिलांचे केवळ नाव आहे, पीटर, आणि त्या घराण्यात पीटर नावाचा माणूस नाही अशी पिढी सापडणे कठीण.

आंतरजालावर कोणीतरी चढवलेल्या एका वंशवृक्षात हाच पीटर थेट १६८९ साली केपला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी असलेल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, उतरलेल्या पिएर डी व्हिलियर्सशी जोडलेला दिसतो. मधल्या तीन पिढ्यांना एकही दाखला दिलेला नाही. सुनेच्या घरी सगळ्यांनी तो वृक्ष खरा धरला आहे. मला तो वहीत उतरवण्याचे धाडस होत नाही. हे घराणे मूळचे फ्रान्समधील ह्युगेनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट निर्वासित, एवढे मला ठाऊक आहे. ज्यांनी युरोपीय किंवा केपच्या दप्तरांत काम केले असेल त्यांनी मार्ग दाखवावा.

दर्यावर्दी

आजी, दप्तरांचे जाणकार येतीलच, तोवर मी मूळ प्रवासाविषयी लिहितो, कारण कागद कुठे तयार झाले हे कळल्याशिवाय ते कुठे शोधावे हे कळत नाही.

फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मर्यादित मोकळीक दिली होती. चौदाव्या लुईने ते फर्मान ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केले. पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, सामान्य लोकांना मात्र देश सोडण्यास बंदी होती, आणि पळताना पकडलेल्या पुरुषांच्या वाट्याला गलबतांवरील वल्ही येत. तरीही सुमारे २,००,००० माणसे हॉलंड, इंग्लंड, जर्मन संस्थाने आणि स्वित्झर्लंडकडे निसटली. चोरून निघालेला माणूस मागे कागद ठेवत नाही, ही या शोधातली पहिली अडचण.

डच ईस्ट इंडिया कंपनीला त्याच सुमारास केपमध्ये शेतकरी हवे होते. १६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी निर्वासितांना तिकडे पाठवण्याचा ठराव केला. प्रवास फुकट, जमीन कसता येईल तेवढी, बियाणे आणि अवजारे उधारीवर. त्या बदल्यात कंपनीशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि किमान पाच वर्षे तिथे राहायचे. १६८८ आणि १६८९ या दोन वर्षांत फूरस्कोटन, ओस्टरलँड, बोर्सेनबर्ग, बर्ग चायना, झाउड-बेव्हलंड अशा जहाजांनी ही मंडळी उतरली. सगळी मिळून दोनशेच्या आसपास. आज ज्यांची आडनावे आपण क्रिकेटच्या धावफलकावर वाचतो ते डू प्लेसी, थेरॉन, जुबेर यांचे मूळपुरुष या छोट्या समूहातलेच.

डी व्हिलियर्स तीन भाऊ होते: पिएर, अब्राहम आणि झाक. ते झिऑन या जहाजातून ६ मे १६८९ रोजी केपला पोहोचले. कंपनीच्या डेल्फ्ट शाखेने १६ डिसेंबर १६८८ रोजी केपच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. हे तिघे सख्खे भाऊ फ्रान्समधील ला रोशेलजवळ जन्मलेले असून द्राक्षमळे लावण्याची आणि राखण्याची त्यांना चांगली माहिती आहे, तरी त्यांना साहाय्य करावे, असा त्याचा आशय. या घराण्यासाठी ते पत्र सनदेसारखे आहे, कारण एकाच कागदात नाते, जन्मस्थान आणि व्यवसाय तिन्ही मिळतात.

वाडीकर

दर्यावर्दी यांनी जन्मस्थानाचा उल्लेख केला म्हणून आडनावाविषयी एक सावधगिरीची सूचना. नावातल्या 'डी' वरून घराणे सरदारांचे होते, असा समज केपमध्ये आणि अमेरिकेतही पुष्कळ ह्युगेनॉट वंशजांत आढळतो. फ्रेंचमध्ये ते 'द', आणि त्याचा अर्थ 'चा' किंवा 'कडील' एवढाच. विलिए हा शब्द शेतवाडी किंवा छोटी वस्ती या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि त्या नावाची गावे फ्रान्सभर विखुरलेली आहेत. म्हणजे हे आडनाव अक्षरशः माझेच. दोन वाडीकर भेटले तर ते भाऊबंद असतीलच असे आपण मानत नाही, तोच न्याय तिथेही लावावा. १५२२ मध्ये रोड्स बेटाचा बचाव करणारा फिलिप विलिए द लिल-आदाम हा मोठा सरदार होता खरा, परंतु आडनावातला एक शब्द जुळतो म्हणून कोणी ला रोशेलच्या द्राक्षमळेवाल्यांना त्याच्यापर्यंत नेऊन भिडवले, तर तो भाग वहीत घेऊ नये.

जुने दप्तर

आजी, आपण तो वृक्ष उतरवला नाहीत हे फार चांगले केले. मी काही वर्षे चर्चच्या नोंदवह्या आणि मृत्युपत्रे वाचण्याचे काम केले आहे, त्यावरून सांगतो.

मूळपुरुषापासून खाली येऊ नये. आपल्या हातातल्या माणसापासून वर चढावे. खाली येताना प्रत्येक फाट्यावर आपल्याला हवा तो पीटर निवडण्याचा मोह होतो आणि त्या नावाचे पाच-सहा चुलतभाऊ सहज मिळत असल्यामुळे तो मोह पुरतोही. वर चढताना प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न असतो: या माणसाचे आईवडील कोण?

केपमध्ये या प्रश्नाचे उत्तर देणारा सर्वांत सोयीचा कागद म्हणजे मृत्युसूचना. १८३४ पासून मृताच्या नातलगाने सरकारी कार्यालयात एक छापील पत्रक भरून देण्याची पद्धत सुरू झाली. त्यात मृताचे पूर्ण नाव, वय, जन्मस्थान, आईवडिलांची नावे, जोडीदार, मुले आणि मालमत्ता आहे किंवा नाही, हे सगळे येते. पत्रक भरणारा जावई असला तर सासूच्या आईचे नाव चुकण्याची शक्यता धरावी, तरीही आरंभ याच कागदापासून करावा. आपल्या पीटरचा मृत्यू १८३४ नंतरचाच असणार, तेव्हा त्याचे पत्रक असण्याची आशा आहे. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर यांपैकी बऱ्याच कागदांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात.

त्याआधीच्या काळासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्यात. ड्राकेनस्टाइन, म्हणजे आजच्या पार्लच्या चर्चची वही १६९४ पासून आहे. या नोंदीत मूल आणि आईवडील यांच्याबरोबर साक्षीदारांची नावे असतात, आणि माझ्या मते नोंदीचा खरा ऐवज तोच. साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी असतात. दोन समवयस्क पीटर वेगळे करायचे असतील तर त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला कोण उभे राहिले, हे लिहून काढावे. एका पीटरच्या घरी सतत एका कुटुंबाची माणसे दिसतील, दुसऱ्याच्या घरी दुसऱ्या.

नावे ठेवण्याची रीतही उपयोगी पडते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. थोरल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवत, त्याचीच ही अधिक काटेकोर तऱ्हा. ती सगळ्यांनी सर्वकाळ पाळली असे नाही, त्यामुळे तिच्यावरून अंदाज बांधावा, निर्णय देऊ नये.

आजीची वही

सर्वांचे आभार. जुने दप्तर यांनी सांगितल्याप्रमाणे मृत्युसूचनांचा शोध सुरू केला आहे. दरम्यान सुनेच्या मामांनी एका जुन्या छापील ग्रंथाच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यात प्रत्येक नावाआधी 'बी३सी२डी५' अशा प्रकारची अक्षरे आणि अंक आहेत. हे काय प्रकरण आहे?

जुने दप्तर

ही केपच्या वंशावळींची खास परिभाषा आहे. क्रिस्टोफेल कूत्सी डी व्हिलियर्स या गृहस्थांनी जुन्या केप घराण्यांच्या वंशावळी चर्चच्या वह्यांतून जमवल्या. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि इतिहासकार जॉर्ज मॅकॉल थील यांनी ते काम १८९३-९४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कोर पामा यांनी १९६६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. म्हणून या पद्धतीला डी व्हिलियर्स-पामा पद्धत म्हणतात. म्हणजे आपल्या सुनेच्या आडनावानेच ती ओळखली जाते.

मूळपुरुष 'ए'. त्याची मुले जन्मक्रमाने बी१, बी२, बी३. त्यांची मुले सी, नातवंडे डी. तेव्हा बी३सी२डी५ म्हणजे मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या अपत्याचे पाचवे अपत्य. नाव न वाचताही पिढी आणि शाखा कळते, आणि दहा पीटर एका ओळीत उभे केले तरी प्रत्येकाचा पत्ता वेगळा राहतो. मला ही पद्धत अतिशय आवडते.

तिचा दोष मात्र आपल्या कुळवृत्तांतांचाच आहे. मुलींना अंक मिळतो, नवऱ्याचे नाव मिळते, आणि तिथे ओळ संपते. तीन भावांच्या बाबतीत याचा परिणाम पाहा. अब्राहम आणि झाक यांनी गार्दिओल घराण्यातल्या दोन बहिणी केल्या, सुझान आणि मार्गरीत. त्या प्रोव्हान्समधील ला कोस्त गावच्या. पिएरने शातो-थिएरीहून आलेल्या इसाक ताय्येफेर यांच्या मुलीशी लग्न केले. आजचे डी व्हिलियर्स आडनाव पिएर आणि झाक यांच्या मुलग्यांतून चालत आले आहे. अब्राहमचा वंश लेकींतून गेला, त्यामुळे त्याचे वंशज दुसऱ्या आडनावांखाली विखुरले आणि या घराण्याच्या प्रकरणात ते दिसत नाहीत. कोणी डी व्हिलियर्स आडनावाचा माणूस आपण अब्राहमचे वंशज आहोत असे सांगू लागला, तर त्याला आधी आजोळची कागदपत्रे विचारावीत.

दर्यावर्दी

शेतांच्या नावांवरूनही शाखा ओळखता येते, हे जोडतो. फ्रान्सहूक खोऱ्याला त्या काळी ओलिफांतसहूक, म्हणजे हत्तींचा कोपरा म्हणत. तिथे पिएरकडे बूर्गोन्य, अब्राहमकडे शांपान्य आणि झाककडे ला ब्री ही शेते होती. गावे सोडून आलेल्या माणसांनी प्रांतांची नावे जमिनीला दिली. शेजारच्या ड्राकेनस्टाइन भागातले बोशेंडाल हे शेत अब्राहमने १७१५ मध्ये विकत घेतले, ते दोन वर्षांनी झाककडे गेले आणि १८७९ पर्यंत घराण्यात राहिले. तिथल्या घराच्या पांढऱ्या शिखरभिंतीवर १८१२ हे साल आजही आहे. खरेदीखते, मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी आणि कंपनीच्या वार्षिक कर-याद्या एकत्र ठेवल्या तर कोणता भाऊबंद कुठे राहत होता हे उलगडते. अनाथ-मालमत्ता पाहणाऱ्या कंपनीच्या कचेरीने केलेल्या याद्या तर वाचनीय आहेत: भांडी, बैल, द्राक्षरसाची पिंपे, आणि त्याच यादीत, त्याच हस्ताक्षरात, गुलाम माणसे.

वाडीकर

आंतरजालावर शोधताना आजींना पिएर नावाने शोधून अठराव्या शतकात काही मिळणार नाही, हेही सांगायला हवे. केपच्या नोंदींत पिएर लवकरच पीटर होतो, झाक याकोब होतो, जाँ यान होतो. आडनावेही तशीच वळली. विलिओंचे फिल्यून झाले, रेतिफचे रेतीफ, पिनारचे पीनार, ल क्लेर्कचे डी क्लर्क. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांचे आडनाव डच वाटले तरी उगम फ्रेंच आहे.

हे आपोआप झाले नाही. राज्यपाल सिमॉन व्हान डर स्टेल याने फ्रेंच कुटुंबांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये मिसळून जमिनी दिल्या. पाद्री पिएर सिमाँ यांनी स्वतंत्र फ्रेंच मंडळी, म्हणजे स्वतःचे चर्च, मागितली तेव्हा तो संतापला. पुढे १६९१ मध्ये ड्राकेनस्टाइनला मंडळी मिळाली. १७०१ मध्ये कंपनीने फ्रेंचचा वापर संपत जावा असे धोरण आखले, १७०२ मध्ये सिमाँ युरोपला परतले, आणि नंतरच्या पाद्र्यांची भाषा डच राहिली. १७८० च्या दशकात फ्रेंच प्रवासी ल व्हायाँ तिथे हिंडला तेव्हा त्याला फ्रेंच समजणारा एकच म्हातारा भेटला. शंभर वर्षांत भाषा गेली आणि आडनावे तेवढी उरली, ती देखील डच शुद्धलेखनात.

पेशींची शाळा

मी आनुवंशिकशास्त्र शिकवते. वंशावळीचा विषय निघाला की डीएनए तपासणीचा सल्ला कोणी ना कोणी देतोच, म्हणून तिची मर्यादा सांगते. पुरुषांतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे दोन डी व्हिलियर्स पुरुष एकाच पितृवंशातले आहेत का, हे कळू शकते. पिएर आणि झाक सख्खे भाऊ असल्यामुळे त्यांच्या शाखा या तपासणीने वेगळ्या करणे अवघड आहे. आपला प्रश्न नेमका तोच असल्याने पैसे खर्च करण्याआधी कागद संपवावेत.

केपच्या वंशावळींनी वैद्यकाला मात्र मोठी मदत केली आहे. उन्हाने कातडीवर फोड आणणाऱ्या आणि काही औषधांनी जिवावर बेतणाऱ्या पॉर्फिरिया या आनुवंशिक विकाराचे रुग्ण तिथे फार आढळत. जेफ्री डीन या डॉक्टरांनी कुटुंबामागून कुटुंब मागे नेत हा विकार १६८८ मध्ये केपला विवाह झालेल्या एका डच जोडप्यापर्यंत पोहोचवला. ते जोडपे ह्युगेनॉट नव्हते, पण त्याच छोट्या वसाहतीत त्यांच्या लेकी-सुना मिसळल्या. डीन यांना मुलींच्या ओळी सोडून चालले नसते, कारण विकार आडनाव पाहत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७७ अफ्रिकानर, म्हणजे केपच्या युरोपीय वसाहतकऱ्यांच्या वंशातल्या, व्यक्तींच्या अभ्यासात युरोपबाहेरील वारशाचे सरासरी प्रमाण ४.७ टक्के निघाले. त्यात खोई-सान, म्हणजे केपचे मूळ रहिवासी, आणि इतर आफ्रिकी वारशाबरोबर दक्षिण आशियाई वारसाही आहे. कंपनीने बंगाल, कोरोमंडल आणि मलबार येथून माणसे गुलाम करून केपला नेली होती. नोंदींत त्यांच्या नावापुढे 'व्हान बेंगाले', 'व्हान मलाबार' असे लिहिलेले असे. तेव्हा आजींनी फ्रान्सकडे पाहताना हिंदी महासागराकडे पाठ करू नये.

जुने दप्तर

वरील मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि त्यात एक भर. डी व्हिलियर्स, डू प्लेसी, जुबेर, मारे ही आडनावे आज केपमधील मिश्रवंशीय कुटुंबांतही आहेत. काहींना ती रक्ताच्या नात्याने मिळाली, काहींना गुलामीच्या काळातील मालकाकडून. जुन्या छापील ग्रंथांत त्यांना जागा नाही. गुलाम आईचे मूल कायद्याने गुलामच, आणि बापाचे नाव पुष्कळदा नोंदलेलेच नसे. वंशज शोधायचे म्हणतो तेव्हा तेही आलेच.

आजीची वही

तीन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पीटरची मृत्युसूचना मिळाली. ती त्याच्या थोरल्या मुलाने, म्हणजे सुनेच्या पणजोबांनीच भरली होती, त्यामुळे तपशिलांवर विश्वास ठेवता येतो. तीत पीटरच्या आईचे माहेरचे नाव आहे. त्याच वयाचे तीन पीटर डी व्हिलियर्स मला पार्ल आणि आसपासच्या वह्यांत सापडले होते, त्यांपैकी फक्त एकाच्या आईचे नाव जुळते. त्याच्या भावंडांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार मी दोन संध्याकाळी बसून लिहून काढले. आजोळची तीच चार माणसे पुन्हा पुन्हा येतात. वर चढत चढत ही ओळ झाककडे जाते. आंतरजालावरच्या वृक्षाने जोडलेला पिएर आमचा नव्हे. सुनेच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, म्हणजे एवढी वर्षे आम्ही चुलत आजोबांच्या शेताचे फोटो काढत होतो.

आता नवी अडचण. पीटरच्या आईचा बाप्तिस्मा १८२६ चा आहे. त्या नोंदीत तिच्या वडिलांचे नाव नाही. तिच्या आईच्या नावापुढे आडनावाच्या जागी 'व्हान दे काप' असे लिहिले आहे. मी ते आधी आडनाव समजले होते. नंतर सुनेच्या मामांनी सांगितले की केपमध्येच जन्मलेल्या गुलामांना तसे लिहीत.

१८१६ पासून केपमध्ये गुलामांची स्वतंत्र नोंदवही ठेवत असत आणि मुक्ती १८३४ मध्ये झाली, म्हणजे पीटरच्या आईची ही आई त्या वहीत असायला हवी. तिथे मालकाच्या नावाखाली शोधावे लागते, असे कळले. डिसेंबरात मी केपटाउनला जाणार आहे. अभिलेखागार रोलंड रस्त्यावर, जुन्या तुरुंगाच्या जागी आहे. जुने दप्तर, त्या वह्या मागवताना मालकाचे नाव ठाऊक नसेल तर बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांपासून सुरुवात करावी का?

जुने दप्तर

होय, आजी. साक्षीदारांपासूनच करावी, आणि १८२६ च्या आगेमागे त्याच वहीत 'व्हान दे काप' लिहिलेल्या इतर आयांची मुलेही पाहावीत. एकाच घरातली माणसे बहुधा पाठोपाठ बाप्तिस्म्याला येत. नोंद सापडली तर पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, कारण विक्री आणि बदलीचे शेरे पुष्कळदा समोरच्या पानावर असतात.